मास्तरचा वाटा

माझे वडील मास्तर होते, आणि मास्तरकीचा त्यांना पगार नव्हता. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की आजकालची पोरं माझ्याकडे अशी पाहतात, जशी मी भुताची गोष्ट सांगून राह्यली. "कमी होता का आजी?" असं विचारतात. कमी नाही रे बाबा, नव्हताच. पांढरकवड्याच्या एका संस्थेनं झरीच्या अंगाला असलेल्या आमच्या त्या आडगावात हायस्कूल काढलं, तीन मास्तर नेमले आणि सांगितलं, सरकारचं अनुदान आलं की पगार सुरू. अनुदान दिवाळीला येणार होतं. मग संक्रांतीला. मग पुढच्या सत्राला. घरात कोणी काही मागितलं की माय म्हणायची, "पगार झाला की घेऊ," आणि माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, बाजेवर बसल्या बसल्या विचारायचे, "कोनाचा पगार व माय? माह्या पोराचा का माह्या पणतवाचा?" यावर सगळे हसायचे, बाबासुद्धा. आम्ही रडके नव्हतो, हे आधीच सांगून ठेवते. ह्या प्रकरणात कोणी उगाच डोळ्याला पदर लावू नये.

शाळेच्या मागं टिनाच्या छपराच्या दोन खोल्या होत्या, तिथं आम्ही राहायचो. सकाळ व्हायची ती आबाजींच्या वंदनेनं. आवाज खर्जातला, मधेच खोकला, खोकला संपला की जिथं सोडली तिथूनच पुन्हा वंदना. तेवढ्यात गावातली पिठाची चक्की सुरू व्हायची, तिच्या धुराड्याचं टुक टुक टुक साऱ्या गावाला ऐकू जायचं, आणि त्याच तालावर मायच्या हातात भाकर थापली जायची. तिकडं न्हाणीत बाबा डोक्यावर पाणी घेता घेता त्या दिवशीचा धडा मोठमोठ्यानं म्हणायचे. "समजा, क्ष ही एक संख्या आहे..." आबाजी इकडून ओरडायचे, "समजा काहून? हाय का नाई थे पक्कं सांग ना लेका! मास्तर तू हायेस का मी?" रोजचं होतं हे. बाबा रोज समजायचे आणि आबाजी रोज हरकत घ्यायचे. मला बीजगणित पुढं कधी जड गेलं नाही, त्याचं निम्मं श्रेय त्या न्हाणीला आहे.

खाणं साधं, पण काय चव होती! हिवाळ्यात तुरीचे हिरवे सोले, म्हणजे ओले दाणे, त्यांची लसूण-मिरचीची भाजी, तीत बोटभर तेल नसलं तरी चालायचं. ज्वारीच्या कण्या घालून आंबाडीची भाजी. बेसन तर काय, पाहुणा आला की बेसन, नाही आला तरी बेसन. घरी एक बकरी होती, तिचं दूध चहात जायचं आणि तिला चारा आणायचं काम माझं होतं. आता यवतमाळला माझ्या फ्लॅटमधे मी सोले फ्रीजमधून काढते, सून म्हणते, "आई, वर्षभर मिळतात आता." मिळतात बाई. चवीचं तेवढं विचारू नको.

पण घर चालायचं कशावर? मायवर. माय कापूस वेचायला जायची. मास्तरची बायको कमरेला ओटी बांधून बाकीच्या बायांच्या रांगेत उभी राहायची, आणि बाबांच्या वर्गातली पोट्टी सुटीच्या दिवशी त्याच रांगेत तिच्या शेजारी असायची. नामदेवराव हे त्या गावातले मोठे कास्तकार. आवाज असा, की बोलायला लागले की झाडावरचे बगळे उडावे. राग नाकावर, मन मात्र मोठं. त्यांच्या शेतात माय पहिल्यांदा दिसली तेव्हा ते धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, थबकले. "मास्तरीनबाई, तुमी कायले आल्या?" माय म्हणाली, "काहून? माह्या हातानं कापूस निंघत नाई का तुमचा?" नामदेवराव आल्या पावली परत फिरले. पण ते त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच. त्यांचा प्रकाश माझ्याच वर्गात होता, दहावीत. आमची ती शाळेची पहिली दहावी. मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक तर पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, जंगलातून चालत यायची.

त्याच हिवाळ्यात पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं बाबांना दिवाणजी म्हणून बोलावलं. जेवता जेवता बाबांनी सांगितलं, अगदी सहज, जसं काही बाजारातून मीठ आणायचं आहे. "पुढच्या महिन्यापासून जातो. नगद पैसे देतो तो." माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. शाळेत गणित शिकवणारा दुसरा कोणी नव्हता. बाबा गेले तर गणित गेलं, गणित गेलं तर दहावी गेली, आणि दहावी गेली तर मामानं आणलेलं स्थळ दारात उभंच होतं. माय भाकर वाढत राहिली. ती कशी अडवणार? वेचून वेचून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. बाबांनीच मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "मले का हौस हाय?" हे इतकं हळू म्हणाले, की मला त्यांचा राग सुद्धा धड येईना.

ही गोष्ट गावात फुटायला काय वेळ लागतो. आठ-पंधरा दिवसांत ज्वारीची खळी सुरू झाली, आणि एका सकाळी नामदेवरावांचा गडी सांगत आला, "मास्तरले खळ्यावर बलावलं हाय. जरूरीचं काम हाय." बाबा निघाले, मीही मागं मागं गेले. शेणानं सारवलेलं लख्ख खळं, मधे ज्वारीची रास, भोवती गावातले पाच-सहा कास्तकार, सगळ्यांच्या तोंडावर असा आनंद, जसा घरी नवरदेव आला. नामदेवरावांनी सूप भरून उचललं आणि म्हणाले, "मास्तर, दुपट्टा पसरा! गावानं ठरोलं. सुतार-लोहाराचा खळ्यावर वाटा असते ना, तसा आता मास्तरचा वाटा. ज्याच्या त्याच्या खळ्यावर जाजा, अन् घेऊन येजा. कोनी नाई म्हनलं तं मले सांगजा! पन जिनिंगमधी जाऊ नका बाप्पा. आमची पोट्टी कोनाच्या भरोशावर सोडता?"

बाबांच्या खांद्यावर दुपट्टा होता. त्यांचा हात तिथपर्यंत गेलाही. मग तो त्यांनी झटकन खाली घेतला. "नको नामदेवराव," ते म्हणाले, "मले हे चालत नाई." आणि चक्क पाठ फिरवून चालू लागले. मी धावत त्यांच्या मागं. मागं वळून पाहिलं तर नामदेवराव तसेच उभे, सूप हातात, आणि सुपातली ज्वारी हळूहळू कडेनं सांडत होती.

इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे, नाहीतर माझे बाबा तुम्हाला तुसडे वाटतील. आम्ही त्या गावचे नव्हतो. आमचं गाव दूर, उमरखेडकडे. तिथं आबाजींनी तरुणपण खळ्यांवर काढलं होतं. वर्षभर गावाची राबणूक करायची आणि सुगीला खळ्याच्या कडेला शेला पसरून उभं राहायचं. धन्याची मर्जी असली तर सूप, नसली तर ओंजळ, आणि मागच्या पोळ्याला काही खटकलं असेल तर "पुढच्या साली ये." मग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वस्तीतल्या माणसांनी ठरवलं, आता खळ्यावर जायचं नाही. तो उन्हाळा कसा काढला ते आबाजी कधी सांगत नसत. सडकेची गिट्टी फोडली, एवढंच म्हणायचे. पोराला होस्टेलात घातलं, मास्तर केलं. शीलं पाच असतात, आमच्या घरात सहावंही होतं, खळ्यावर उभं राहायचं नाही. आबाजी तर सुगीच्या दिवसांत खळ्यावरनं जाणारी वाटसुद्धा टाळायचे, लांबून वळसा घालून फिरायला जायचे. नामदेवरावांना यातलं काय माहीत? त्यांनी त्यांच्या हिशोबानं मास्तरला मानच दिला होता. गावात मानाचं देणं म्हणजे खळ्यावरचं देणं, दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात झालं, "मास्तरले आपलं धान्य चालत नाई." दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी बाकं रिकामी. प्रकाशही आला नाही. ही बातमी आबाजींनी ऐकली तेव्हा आधी त्यांचा विश्वासच बसेना, मग ते खो खो हसायला लागले. "काय म्हनून राह्यले? आमाले त्यायचं चालत नाई? बाप्पा रे! माह्या बापानं हे आयकाले पाह्यजे होतं!" माय मात्र हसली नाही. तिनं पिठाचा डबा आणून बाबांच्या समोर आपटला. "तुमी नाई म्हनून आले. बरं केलं. आता ह्या डब्याले सांगा, काहून नाई म्हनलं थे." आबाजींचं हसू थांबलं. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "चाल व पोरी. माही काठी घे अन् मले नामदेवरावाच्या खळ्यावर ने."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बाबा उठून उभे राहिले, "आबा, तुमी कायले?" "तू चूप बस. तू मास्तर हायेस, तुले समजत नाई."

खळ्याच्या कडेला आल्यावर आबाजी थांबले. चप्पल काढली नाही, आत गेले नाहीत. नामदेवराव राशीवरून उठले, तोंड फुगलेलं. आबाजींनी रामराम-शामराम न करता सरळ सुरुवात केली. "नामदेवराव, मी अर्धी जिनगानी असाच उभा राह्यलो, कडेले, शेला पसरून. पोराले शिकोलं थे याच्यासाठीच, का त्यानं राहू नये. तुमच्या धान्याले कोन नाव ठिवते? त्यानं पाठ फिरोली थे मले पाहून फिरोली, तुमाले पाहून नाई."

नामदेवराव एकदम खालीच बसले. आतापर्यंत आलेला सगळा राग त्यांच्या तोंडावरून उतरताना मी पाहिला. ते म्हणाले, "आबाजी, आमी असं मनातबी आनलं नोतं. मंग घरी आनून टाकतो. खळ्यावर नका येऊ."

"घरी आनून टाकलं तं थे उपकार झाले. मास्तरले पगार पाह्यजे."

"ज्वारी थे ज्वारी, आबाजी! घरी देल्ली तं उपकार, खळ्यावर देल्ली तं वाटा, अन् पगार कवा होते मंग तिचा?"

"शाळेत देल्ली तं. एका ठरल्या दिवशी, तिघाई मास्तरायले, सारखी. अन् आखीन एक." आबाजींनी काठी उचलून नामदेवरावांच्या दिशेनं रोखली. "मास्तरसंग तुमचं वाजलं, तरी देसान का?"

नामदेवराव हसले. "माह्यं कायले वाजते मास्तरसंग?"

"वाजन. आज ना उद्या थो तुमच्या पोट्ट्याचा कान धरन. मास्तरच हाय थो. तवा राग येईन तुमाले. धनी खूश असला तवा आमालेबी सूप भरून भेटे, नामदेवराव. त्याले पगार म्हनत नाई. रागात असताबी देसान, तं बोला."

नामदेवराव एकदम काही बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मला त्या माणसाचा आजही आदर वाटतो. पटकन होय म्हणणारी माणसं मी पुढं नोकरीत फार पाहिली. त्यांनी विचार केला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "देईन. तोंड फिरवून देईन, पन देईन." आबाजी म्हणाले, "तोंडाशी आमचं काम नाई."

मग शाळेच्या व्हरांड्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्वारी, तूर, कोणाचं तेल, कोणाचे थोडे पैसे असं जमा होऊ लागलं. तिघा मास्तरांना समान वाटणी व्हायची, पोडावरून मोहफुलं आणि डिंकही यायचा, त्याचीही. बाबांनी जिनिंगवाल्याला नाही कळवलं. मी त्या दिवशी बकरीला दुप्पट चारा घातला, दुसरं काय करणार! पण आबाजी काही खूश दिसेनात. माय म्हणायची, "आता काय राह्यलं? झाला ना पगार?" ते मान हलवायचे. "अजून सारे खूश हाये व माय. अजून कोनाले राग नाई आला."

आता तुम्ही म्हणाल, गावानं दिली ज्वारी, छान झालं, गोड गोष्ट. थांबा जरा. माझी सून यवतमाळात कॉलेजात शिकवते, तासावर. डॉक्टरेट आहे तिची. तास झाले तर पैसे, सुटी असली तर नाही, आणि झालेल्या तासांचे पैसेही कधी येतील ते देव जाणे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रीतसर पगार घेतला, आता पेन्शन खाते, आणि माझ्यापेक्षा दुप्पट शिकलेली पोरगी गाडीत पेट्रोल टाकताना विचार करते. वर आमच्या सोसायटीतले लोक बाकड्यावर बसून म्हणतात, मास्तरांना काय, फुकटचा पगार. माझं डोकंच फिरतं. एकदा ऐकवलं मी, "या ना मग, सातवीच्या वर्गात उभे राहा एक दिवस, पोट्टे तुमची चटणी करतील." गावानं माझ्या बाबांना खाऊ घातलं म्हणून ज्यांनी द्यायला पाहिजे होतं त्यांचं देणं फिटत नाही. अनुदान आलं, माझं लग्न होऊन गेल्यावर आलं. मधल्या वर्षांचं कोणी काही दिलं नाही, आणि बाबांनी कोणाला विचारलंही नाही. मी विचारलं असतं.

तर, परीक्षा जवळ आली. सराव परीक्षेत प्रकाश गणितात साफ आडवा झाला. बाबांनी उत्तरपत्रिका पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, याचं दहावीचं नाही, आठवीचंच कच्चं आहे. दुसऱ्या दिवसापासून रोज एक तास त्याला आठवीच्या वर्गात बसवलं, त्या एवढ्या एवढ्या पोट्ट्यांच्या मधे. मिसरूड फुटलेला प्रकाश, बाकात पाय मावत नाहीत, शेजारी नाक ओढणारं पोर. सारी शाळा खिडकीतून पाहायची. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू, हसलेही.

नामदेवराव तडक शाळेतच आले. आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे, त्या दिवशी चक्कीसुद्धा ऐकू आली नाही. "माह्या पोराले आठवीत बसोता? साऱ्या गावात माही इज्जत काढता?" बाबाही तापले. मी बाबांना इतकं तापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "इज्जत तुमची हाय, गणित त्याचं हाय! मले गणिताचं पाहू द्या!" "काढून टाकतो मी पोट्ट्याले शाळेतून!" "काढा! पन शाळेत राह्यला तं आठवीतच बसन!" नामदेवराव थुंकले आणि निघून गेले. बाबा घरी आले, जेवले नाहीत. माय म्हणाली, "संपलं आता. सोबत बाकीचेबी बंद करतीन. जिनिंगवाल्याले निरोप धाडा." मला पुन्हा ते स्थळ दारात दिसायला लागलं. एकटे आबाजी बाजेवर ताठ बसले होते, डोळे चमकत होते. "आला," म्हणाले, "राग आला एकदाचा!"

रविवार उजाडला. व्हरांड्यात लोक येत होते, ठेवत होते, पण दबकत. जो तो वाटेकडे पाहत होता. नामदेवरावांच्या घरचं कोणी नव्हतं. उन्हं चढली, वाटणी सुरू करायची वेळ झाली, तिघांतले हेडमास्तर उठले, आणि बैलबंडीचा आवाज आला. नामदेवराव स्वतः हाकत होते. उतरले, ज्वारीचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाठीवर घेतला, व्हरांड्यात आले आणि बाबांच्या पायाजवळ असा आपटला, की धूळ उडाली. बाबांकडे पाहिलं नाही. कोणाकडेच पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "घ्या." आणि गेले. बंडीत मागं प्रकाश बसला होता. तो उतरला, दप्तर खांद्याला लावलं. रविवारचाही जादा तास ठेवला होता बाबांनी. निमूट आठवीच्या खोलीकडे गेला. पास झाला तो पुढं, काठावर का होईना. हल्ली भेटला की म्हणतो, "ताई, अपूर्णांक दिसला की अजून पाय आखडतात."

नामदेवरावांच्या त्या कट्ट्यातला आमचा वाटा घरी आला. माय अंगणात सूप घेऊन बसली, निवडायला. रागाच्या भरात न चाळता भरलेली ज्वारी ती, मातीची ढेकळं, काड्या, खडेच खडे. मायचा पारा चढला. "हे पाहा! दात पाडाचे हाय का आमचे? त्या नामदेवरावाले सांगा म्हनावं, पुढच्या महिन्यात धड चाळून देत जाजा! पगार देता का थट्टा करता?"

आबाजी बाजेवरून उठले. खळ्यावरच्या त्या सगळ्या वर्षांत बहुतेक राशीच्या बुडाची, मातीत लोळलेली ज्वारीच त्यांच्या शेल्यात पडली होती, आणि त्यांनी, त्यांच्या बापानं, त्यांच्या मायनं ती डोक्याला लावून घरी आणली होती. खडे आहेत असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. घरातल्या घरातसुद्धा कोणी म्हणत नसे. ते काठीही न घेता अंगणात आले, मायच्या समोर उकिडवे बसले. हसत होते की रडत होते ते मला कळेना, दोन्ही एकदमच चाललं होतं.

"माय," ते म्हणाले, "आखीन एकदा म्हन."

"काय म्हनू?"

"थेच. खडे हाय म्हनून."

मायला काही उमगलं नाही. पण चिडलेली तर होतीच. तिनं म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, नामदेवरावांच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं.